पुरावा

तालुक्याहून मेल आला : आपल्या ग्रामपंचायत हद्दीतील
'प्रथम महिला' यांची माहिती तात्काळ सादर करावी.
रकाने चार. नाव, क्षेत्र, वर्ष, पुरावा.
छायाप्रत जोडणे बंधनकारक.

पळसटोल्यात नेट सकाळी नऊपर्यंतच धड चालतं,
म्हणून सहालाच मी ऑफिस उघडलं
आणि झाडूच्या आधी कॉम्प्युटर पुसला.

शेवंता उईके ड्यूटीवर जाता जाता आली,
खांद्यावर दोराचं वेटोळं, कमरेला पक्कड.
"वायरमन लिहू की आणखी काही?"
"काही लिही बापा. गावानं तर मले वायरमनबाई करूनच टाकलं."
पुरावा म्हणून तिनं तळहात पुढे केले.
मी हसले, "हे कसे जोडू?"
तिनं ते सरळ स्कॅनरच्या काचेवर ठेवले.
हिरवा उजेड खालून सरकत गेला
आणि पडद्यावर उमटलं एक शिवार :
धुरे, पांदणी, आटलेले नाले,
मधोमध एक जळालेली बांधी.
मी फाईल सेव्ह केली. शेवंता_१.

रुखमा नेवारेची पावती ओली होती,
मासळीचा वास येत होता तिला.
तलावाच्या लिलावात
बाईनं आकडा बोलायची ती पहिलीच वेळ.
बोलली, आणि सभेत कुणाची तरी खुर्ची करकरली.
अकरा हंगामांचे शिंगाडे
उकडून, सोलून, बाजारात वाट्यांनी मोजून
तो आकडा तिनं पदराच्या गाठीत वाढवला होता.
"शाई गेली व माय पावतीची," ती म्हणाली,
"पण तलाव हाय ना जागेवर. त्याचा फोटो लाव."

टेंभुर्णेंची वनमाला काही आली नाही,
ती दक्षिण ध्रुवाकडं वारा मोजते.
आली तिची आई, रोवण्याचा चिखल घोट्यावर वाळलेला,
हातात लॅमिनेट केलेला फोटो.
बर्फावर नऊ माणसं.
लाल कोट, काळे चष्मे, तोंडं झाकलेली.
"यातली तुमची कोणती?"
तिनं क्षणभरही न थांबता बोट ठेवलं.
"हे. पाय पाह्य ना तिचे.
बांधीत उभी राह्यते तशीच उभी हाय."

मी निरखून पाहिलं.
खरंच, बाकीचे आठ जण बर्फावर उभे होते,
ती एकटीच रुतवून उभी होती.

साडेआठला दुर्पताबाई आली, मेश्रामांची.
पंधरा गावांचे हातपंप उघडलेली म्हातारी,
चाळीस वर्षांत वॉशर बदलून बदलून
बोटं पान्यासारखीच वाकलेली.
तिचं नाव मी आधीच टाइप करून ठेवलं होतं.
"खोड ते," ती म्हणाली.
"काऊन?"
"पहिली मी नोहो."

मग सांगितलं, अगदी हळू,
जसं कोणी विहिरीत वाकून बोलतं :
दुष्काळाच्या साली एक सून रात्री विहिरीत उतरली,
एकटी, सब्बल घेऊन,
आणि बुजलेला झरा मोकळा केला.
सकाळी गाव म्हणालं, देवी पावली.
नारळ फुटले. ती काही बोलली नाही.
"मी पोट्टी होती तवा. अंधारात तिचं
ओलं लुगडं पाह्यलं होतं मी. कोणाले नाही सांगितलं."
"नाव?"
"तेच तर. कोणी इचारलंच नाही. मीनंही."

मी नवी ओळ घेतली.
क्षेत्र : पाणी.
वर्ष : दुष्काळाचं.
पुरावा : विहीर, अजून चालू.
नाव रिकामं सोडलं तर लाल चांदणी पेटते,
फॉर्म पुढं सरकत नाही.
टिंब देऊन पाहिलं. रेघ देऊन पाहिली.
दुर्पताबाई शेजारी उभी, पडद्याकडं बघत,
जशी पंपाला पाणी चढायची वाट बघते.

नऊ वाजले. नेट गेलं.
मी झाडू घेतला,
कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला.
रिकाम्या रकान्यात कर्सर
उघडझाप करत होता.