घात

एकतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत
मी वाळू मुठीत धरून बघत आलो.
आवळायची, उघडायची.
गोळ्यावर पाची बोटांचे ठसे दिसले पाहिजेत
आणि मोडला तर कड स्वच्छ तुटली पाहिजे.
पाणी जास्त झालं की लोखंड आतून भोकं धरतं,
वरून कळत नाही.
चिकणमाती मी तोलून घालायचो,
कणाला कण धरून ठेवायला
तिच्याशिवाय कोण होतं?

वळिवड्यात घरामागं सव्वा गुंठा.
काळी, चिकट.
पावसाळ्यात चप्पल ठेवून घेणारी,
एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा.
एका भेगेत माझा चौदा-पंधराचा पाना पडला,
काठीनं चाचपलं, टॉर्च मारला,
गेला तो गेलाच.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला.
चिकटा जास्त, म्हणजे वाळू कमी,
एवढं गणित मला झोपेतही येतं.
पाऊण ट्रॉली ओतली, कालवली, पाणी मारलं,
आणि सवयीनं
ठोकूनसुद्धा घेतली.
शालन दारातनं म्हणाली,
बरं झालं, आता लोखंड तेवढं आणा.

त्या साच्यात मुळा लावला.
निघाला तो दोन तंगड्यांचा,
खाली वाट नाही म्हटल्यावर
बिचारा आडवा चालत गेला होता.

पलीकडच्या जुलेखाभाभी बागवान
तारेवर धुणं घालता घालता हे सगळं बघत होत्या.
मग म्हणाल्या, "मी सांगतो तुमास्नी.
वाळूनं हिचं भागत नसतंय.
उपाशी हाय ती. खायाला घाला."

मग खायला घातलं.
गुऱ्हाळावरची चिपाडं, कुजून काळी झालेली,
पाचट, कारखान्याची मळी,
शंकर गवळ्याच्या गोठ्यातलं जुनं शेण,
शालनच्या घेवड्याची सालं,
चहाचा चोथा.
कडेनं वीतभर खोल चर काढला,
वाफे उचलून घेतले,
मधे फळी टाकली आणि पायाला बजावलं
की वाफ्यात तू जायचं नाहीस.
तीस वर्षं ठोकणारा पाय तो,
फळीवरनं खाली वाकून बघायचा.

ताग पेरला. छातीला लागला, फुलावर आला,
भाभी म्हणाल्या, आता गाडा.
उभं हिरवं पीक गाडताना
माझा हात दोनदा थांबला.

आणि रोज कुंपणावरून एकच प्रश्न,
घात आली का?

मला घात ठाऊक होता तो होणारा.
क्रेनचा साखळदंड तुटून सदाशिवचा झाला तो.
ही मात्र येते.
दोन पावसांच्या फटीत येते,
तीन दिवस राहते, चौथ्याला नसते.
आधी खणलं तर ढेकळांच्या विटा,
नंतर खणलं तर कुदळ खणखणते आणि मनगट झिणझिणतं.
मधल्या त्या तीन दिवसांसाठी
सकाळी उठून मूठ आवळायची.

दुसऱ्या वर्षी फारसं काही झालं नाही.
पोकळा आला, तो कुठंही येतो.

तिसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी
मूठ उघडली.
ठसे होते. अंगठा नुसता टेकवला
आणि गोळा विस्कटला,
रव्यासारखा.
फौंड्रीत असला माल मी शिवी देऊन परत धाडला असता.
तळहातावर एक गांडूळ
उजेडाला वैतागून वळवळत होतं.

त्याच वाफ्यात पाना सापडला.
दीड वीत खाली, आडवा,
गंज चढून मातीच्याच रंगाचा.
त्याच्या जबड्यातून तागाचं एक मूळ आरपार गेलेलं.

मुळे थंडीत काढले. बहुतेक एका पायाचे.
चांगला जाड बघून एक भाभींना दिला.
त्यांनी उलटसुलट केला, वास घेतला,
पिवळी पडलेली पानं मोडली
आणि कुंपणावरून
माझ्या वाफ्यात परत टाकली.
"ही तिची," म्हणाल्या,
आणि धुणं काढायला वळल्या.