पुता

उद्यमबागेच्या फाउंड्रीत
कानात कापूस घालून बोलावं लागतं,
म्हणून इथली भाषा आखूड.
वाळूचा साचा ढासळला की शिवपुत्र ओरडतो,
बोळी मगने!
मी म्हणतो, रांडेच्या, हात आवर.
काइतान लेथवरून मान न वळवता
तिसरी टाकतो, पोर्तुगिजांची,
त्याच्या घरात कपबशांसोबत आलेली.
साचा पुन्हा भरला जातो.

एकदा चहाला बसून हिशेब काढला.
शिवपुत्र म्हणाला, बोळी म्हंजे भादरलेली.
डोसकं. नवरा मेल्यावर.
एवढंच?
एवढंच की.
मी म्हणालो, आमचीबी तीच, रंडकी.
गावाकडं अजून साधंच म्हणत्यात,
ती रंडकी गेली बघ बुट्टी घेऊन,
जसं म्हणावं ती उंच, ती सावळी.

काइतान काडीनं दात कोरत होता.
त्याचा तेओतोन मामा लिस्बनच्या बोटीवर.
मामा सांगायचा, तिकडं फार पूर्वी
पुता म्हणजे नुसती पोरगी.
पाण्याला जाणारी, रिबीन मागणारी.
मग कुणीतरी तो शब्द ओठ वाकडा करून म्हटला
आणि तो वाकडाच राहिला
बंदरामागून बंदर.
स्पेनमध्ये पुता, इटलीत पुत्ताना,
फ्रान्समध्ये तर टायर पंक्चर झाला तरी तीच आठवते.

"खरं माझी आय," काइतान हसला,
"मला पुताच म्हणती. कोकणीत लेकरू.
मामा सुट्टीवर आला तवा ताटावर ऐकलं त्यानं,
घास हातातच."

शिवपुत्र चहा सांडेपर्यंत हसला.
मला हसू आलं ते अर्ध्यात अडकलं.
माझे वडील मिरजेच्या दवाखान्यात गेले,
मी चार वर्षांचा.
आय मंडईत पोत्यावर बसायची,
कडोलीची वांगी, मापट्यानं वाटाणा.
म्हणजे दिवसाला वीसदा जी मी देतो
ती माझ्या शाळेच्या दाखल्यावर
लिहायला हरकत नव्हती.

इथं पाट्यांवर डांबर फासतात,
कधी या लिपीला, कधी त्या.
बोळीला आणि रांडेला कुणी हात लावत नाही.
त्यांच्यासाठी मोर्चा नाही,
दिल्लीत तारीख नाही.

एकचा भोंगा झाला.
फाटकाशी काइतानची आय, छत्री, पितळी डबा,
कॅम्पातून दोन बस बदलून, गुडघे धरत.
"पुता! जेवलो रे?"
शिवपुत्र वळला, त्याच्या नावातच आहे ते.
मीही वळलो.
डब्यात सोर्पोतेल होतं, तिघांना पुरलं नाही.

चारच्या सुमारास साचा पुन्हा बसला.
जीभ काय, सवयीचीच.
रांडेच्या, म्हणालो मी, मोठ्यानं,
आणि भट्टीच्या त्या सगळ्या आवाजात
मंडईतून कुणीतरी वांगी बाजूला सारत
ओ दिल्यासारखं झालं.