मागचं चाक

वाशीच्या दुकानात ते यंत्र काचेआड उभं होतं,
पावणेतीन लाखांचं,
आणि शैलजाने पहिलाच प्रश्न विचारला,
"याला चाकं कुठेत?"

तन्वीर नावाचा विक्रेता हसला नाही. मुरलेला होता.
म्हणाला, मॅडम, घरात चाकांचं काय काम?
खटका दाबून त्याने सीट खाली घेतली,
हँडल जवळ ओढलं,
आणि चौपन्न वर्षांत जी सायकलवर कधी बसली नव्हती
ती चपला काढून बसली,
देवळात शिरावं तशी.

मी लेखा विभागातला माणूस.
खारघरला घरी येऊन कागदाला मधोमध घडी घातली.
डावीकडे ते यंत्र: साखळी नाही, तेल नाही, आवाज नाही,
आणि एकदा मांडलं की कोपरा कायमचा त्याचा.
उजवीकडे आमचा ट्रेनर,
कॅनडाला निघालेल्या घणसोलीच्या पोराकडून
अठ्ठावीस हजारांत घेतलेला.
त्यावर माझी निळी सायकल,
मागचं चाक काढून
ऑपरेशनच्या टेबलावर निजवल्यासारखी.
हप्ते चोवीस, निवृत्तीला महिने एकोणीस.
हिशोब खरं तर इथेच संपायला हवा होता.

पण रविवार कुठल्या बाजूला लिहावा ते कळेना.
रविवारी पहाटे चाक परत बसवायचं,
बोटं काळी, नखांत वंगण,
आणि टेकडीच्या तिसऱ्या वळणावर
ती एकच तांबडी कुत्री, जी फक्त माझ्यावर भुंकते.
सोमवारी चाक पुन्हा काढून भिंतीला टेकवायचं.
भिंतीवर त्याचा डाग पडलाय, दोनदा रंग देऊनही.
मग पडद्यावर कुठल्यातरी परक्या देशातला घाट,
पंख्याखाली घामाचं तळं,
आणि खालचे फडतरे जिन्यात गाठून विचारतात,
"पहाटे पाचला गिरणी घातलीत का हो घरात?"

शैलजाने कागद वाचला. दोन्ही बाजू.
म्हणाली, "यात मी कुठेय?"

नव्हतीच.
निळ्या सायकलची चौकट माझ्या मापाची.
ती एकदा चढली होती, मी ऑफिसात असताना,
पाय पेडलपर्यंत पोचेनात
म्हणून उतरली, आणि सांगितलंही नाही.
दुकानात मात्र खटका दाबला
आणि यंत्र तिच्याएवढं झालं.
पावणेतीन लाख कशाचे, ते मला तेव्हा समजलं.
परवडणार नाहीत, हेही तेव्हाच.

बेलापूर गावात हिराजी भोईर सायकली दुरुस्त करतो.
त्याने ऐकून घेतलं,
ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत राहिला.
"पावनेतीन लाखान माझे पोरीचा लगीन व्हईल," म्हणाला.
मग पत्र्यामागे गेला, बराच वेळ खडखडाट,
आणि एक लाल सायकल बाहेर ओढली.
बुटकी, मुलींची. हँडलला रिबिनीचा एक धागा अजून.
मागचं चाक चोरीला गेलेलं
म्हणून सहा वर्षं भंगारात.

"हिला मांगचा चाक नाय," हिराजी म्हणाला.
"पन तुमाला कंय लागतंय?"

नऊशे रुपये. शिवाय कानस मारायचे शंभर,
कारण ट्रेनरचा दांडा तिच्या खाचेत बसेना.

पहिल्या दिवशी चार मिनिटं.
साडीचा सलवार-कुडता झाला,
सलवारीचा माझी जुनी ट्रॅकपँट.
आता सकाळी पाच ते पावणेसहा तिची पाळी,
मी चहा ठेवतो आणि तिच्यानंतर सायकल बदलतो.
रोज उचला, रोज लावा, कंबर धरते.
यंत्र असतं तर एक खटका दाबला असता.
हे कागदावर मी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय.

काल उतरल्यावर ती मान पुसत उभी राहिली,
टेकवलेल्या माझ्या चाकाकडे,
भिंतीवरच्या काळ्या डागाकडे बघत.
मला वाटलं, आता रंगाचं निघणार.

म्हणाली, "अहो,
लाल सायकलचं मागचं चाक
केवढ्याला मिळेल?"