चिखलातली निलगिरी

जांबोटीच्या वर, माळावरच्या दलदलीत
फॉरेस्टवाल्यांनी निलगिरी लावली,
पाणी पिऊन टाकेल म्हणून.
दोन रांगा कुजल्या.
तिसरीतलं एकच रोप,
नर्सरीत पिशवी बदललेलं असणार,
गुडघाभर चिखलात वाढत राहिलं.
पाणी काही संपवलं नाही.

गार्ड बसाप्पा कन्नडात म्हणतो, ही जात वेगळी.
तोपिन्ना म्हणतो, तिला घाई नाही.
झाडाचं नाव तेवढं दोघांच्या भाषेत एकच.

बुंध्यावर डांबरानं घातलेला कन्नड आकडा
दर साली सालीबरोबर गळतो;
बसाप्पा पुन्हा घालतो.

यंदा तोपिन्नाची म्हैस रुतली
तेव्हा दोर त्याच बुंध्याला आवळला.
झाड हललं नाही.
म्हैस वर आली, अंग झटकलं तिनं,
आणि दोघांच्याही तोंडावर
निलगिरीच्या वासाचा चिखल.