पाच-पाच-चार

तुर्भ्याच्या दाणा बाजारात, गोदामाच्या पोटमाळ्यावर
आमची प्रयोगशाळा. एक टेबल, दोन चाळण्या,
कड झडलेली इनॅमलची थाळी,
आरसा तडकलेला मायक्रोस्कोप,
आणि डोळस बाईंचं भिंग, नाडीने गळ्यात.

मी पोत्यात परखी खुपसून नमुना आणायचो.
थाळीत तांदूळ पसरला की तो चालू लागायचा.
किडे आहेत, मी म्हणायचो.
बाई म्हणायच्या,
पाहुणे आले एवढंच सांगतोस,
कुणाकडचे ते बघितलंस का?

सोंड बघ आधी. सोंड आहे, मिशा कोपरात वाकल्यात,
पाठीवर चार तांबूस ठिपके, तर सोंड्या.
डोकं टोपऱ्याखाली लपवून चालतो तो निराळा.
छातीच्या कडांना सहा-सहा दाते, करवतीसारखे,
तो आणखी निराळा. घाई नको.
तांबडा, चपटा, रव्यातला? पाय मोज.
पाय नव्हे रे, पावलाची पेरं.
पुढे पाच, मधे पाच, मागे चार.
मी श्वास रोखून मोजायचो,
आणि तो मेल्याचं सोंग घ्यायचा.

एकदा मुगाची चाळीस पोती नाकारली.
व्यापारी स्वतः जिना चढून आले.
पाणी पुढे केलं, नको म्हणाले.
मग अगदी गोड आवाजात,
डोळस म्हणजे मूळचे कुठले हो तुम्ही?
साताऱ्याच्या.
हो, पण साताऱ्यात म्हणजे…

बाईंनी चिमट्याने एक दाणा उचलला.
हे पांढरं टिंब म्हणजे अंडं.
हे गोल भोक, बाहेर पडल्याची वाट.
आणि हा बघा, पंख आखूड, मागचं अंग उघडं.
आम्ही शिकलो तेव्हा यांचं वेगळं कुळ होतं,
पुस्तकात छापलेलं.
पुढे जाणकार बसले, आणि यांना
पानभुंगेऱ्यांच्या कुळात घातलं.
याला कुणी कळवलं नाही.
हा मूगच खातो.

व्यापारी उतरून गेले.
जिना बराच वेळ करकरत राहिला.

बाईंनी वहीत लिहिलं,
नमुना एकशे सोळा, जिवंत किडे नऊ.
पुढचा रकाना कोरा ठेवून वही माझ्याकडे सरकवली.
मसाला बाजाराकडून मिरचीचा खकाणा आला,
आम्ही दोघं शिंकलो.
मग मी काचेला डोळा लावला.
चार, मी म्हणालो. सगळ्या पायांना चारच.

पुन्हा मोज, बाई म्हणाल्या.
तिसऱ्याच्या पोटात एक असतं, बारीक.
ते दिसत नाही लगेच.