मावळतीची वही

आई फोनवर एकच विचारायची,
"तिथं दिवस कधी मावळतो रे?"
जिंकलात का, किती टाकलेस, पैसे आले का,
हे सगळं माझ्याकडं.
तिच्याकडं फक्त सूर्य.

हळदीच्या पेढीवरची जुनी खतावणी,
तिची मागची पानं कोरी होती.
डावीकडं गाव, उजवीकडं वेळ.
काठमांडू, सव्वापाच.
मनामा, पावणेपाच.
उलटंबातर (तिचं स्पेलिंग), पाच.
बातुमी, पावणेसहा.
कोक्कोला, पावणेतीन.
पावणेतीनवर खाडाखोड आहे.
दोनदा विचारून तिनं तेच परत लिहिलंय.

दादाचं नाव सुकुमार.
सहा फूट सात इंच, सुकुमार मगदूम.
पाळण्यात नाव ठेवताना कुणी पाय मोजत नाही.
बाबा हरिपूरच्या पेवात उतरण्याआधी
दोरीनं कंदील सोडायचे;
ज्योत राहिली तर हवा आहे, उतरा.
दादाकडं बघून म्हणायचे,
"हा काय कामाचा? अर्धा बाहेरच राहील."
मग महापुरात पेवं गेली
आणि दादा खरंच बाहेर राहिला,
सोळा वर्षं.

आधी करार आठ महिन्यांचा.
मग चार.
मग "पुढच्या मॅचनंतर बघू".
एका टीमचा मालक सिमेंटवाला होता,
सिमेंट बसलं, टीम बसली,
दोन महिन्यांचा पगार अजून तिकडंच आहे.
रात्री मला मेसेज यायचा:
आज चार मिनिटं.
आज नाही.
आज नाही.
आज अकरा मिनिटं, गुडघा बरा आहे.
(गुडघा बरा नसायचा.)

त्याच्या जर्स्या माझी पोरं झोपताना घालतात,
घोट्यापर्यंत येतात.
नंबर सात, एकतीस, चव्वेचाळीस, शून्य.
पाठीवर मगडम, मॅगडू, एकदा तर मोगोदोम.
दादा म्हणतो, पैसे त्याच माणसाच्या खात्यात आले ना, मग झालं.

कोक्कोलात मॅच साडेसहाला.
म्हणजे अडीचला जेवायचं,
बिनकांद्याचं वरण, भात, हातानं केलेलं,
मग काळोख,
मग चार तासांनी धावायचं.
हाफटाइमला कोचनं केळं दिलं.
दादानं ते बॅगेत ठेवलं, असं आम्ही
पाहुण्यांना कितीतरी वर्षं सांगत आलो.

परवा मार्केट यार्डात,
पोत्यांना टेकून चहा पिताना म्हणाला,
"खाल्लं होतं मी ते केळं.
पहिल्याच डिसेंबरात.
नंतर काय काय खाल्लं, कधी खाल्लं,
मोजलं नाही.
आईला बोलू नकोस."

मी बोललो.
माझ्या पोटात काही राहत नाही.
ती मेथी निवडत होती, निवडत राहिली.
"ठाऊक हाय मला.
एवढा मोठा देह, उपाशी कसा धावंल?"
मग विचारायचीस कशाला, सोळा वर्षं?
"वेळ सांगायला उठून खिडकीपाशी जायचा की.
तेवढंच बाहेर बघायचा.
नाहीतर रात्रभर त्या मॅचचाच इचार."

आता तो विश्रामबागेत
शाळेच्या मुलींना शिकवतो.
रिंगची जाळी फाटली आहे, मागणी अर्ज दिलाय.
बारा वर्षांची एक चौगुल्यांची पोरगी
त्याला ओरडून म्हणते, सर, वाकू नका,
तुम्ही वाकलात की मला बास्केट दिसत नाही.
गुडघा धरून तो बाजूला होतो.

वहीत सांगलीची वेळ नाही.
आई आता विचारत नाही, सांगते.
मी ताट वाढत असताना
फोन कानाला धरून ती गच्चीच्या दारात उभी:
"मावळाय आला बघ."
पलीकडं चेंडू आपटल्याचा आवाज,
शिट्टी,
आणि दादा, धापा टाकत,
"हो, दिसतोय.
दिसतोय गं.
थोडा आहे अजून."