दोन वर्षांची पाटी

तिसऱ्या मजल्यावरच्या दारांना
पितळी पाट्या लावू नयेत, असा नियम नाही.
पण मी लावत नाही.
कागदाची पट्टी, वर पारदर्शक झाकण,
बाजूने सरकवायची, बाजूनेच ओढून काढायची.
पितळेला स्क्रू लागतात
आणि स्क्रू काढले की लाकडात भोक राहतं.

तार्तूच्या विद्यापीठात एकोणीस वर्षं
मी पोस्टडॉकचे अर्ज तपासते.
नोव्हेंबरात नदीच्या काठाला बर्फाची साय धरते
तेव्हा ते यायला लागतात.
सगळ्यात जास्त शेवटच्या रात्री,
बारा वाजायला चार मिनिटं असताना.

अटी मला तोंडपाठ आहेत.
पीएच.डी.ला सात वर्षांहून जास्त झालेली नसावीत.
मूल झालं असेल तर दीड वर्षाची सूट, दर मुलामागे.
लष्करात होतात? तेवढे महिने वजा.
आईला भरवण्यात, तिची कूस बदलून देण्यात
गेलेल्या वर्षांचं काय करायचं
हे कुठेच लिहिलेलं नाही.

नेस्तान लोमजारिया, कुतैसी.
विषय: माशाच्या कानातला खडा.
माशांना कुठले आलेत कान, म्हणून मी प्रस्ताव वाचला,
जो वाचणं माझ्या कामात बसत नाही.
मसुराएवढा खडा, त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं.
पिल्लू असताना दिवसाला एक,
मोठं झाल्यावर वर्षाला एक.
(म्हणजे आमच्यासारखंच.)
कुठल्या पाण्यात जन्मला, कुठे उपाशी राहिला,
गोडं पाणी सोडून खारं कधी गाठलं,
सगळी नोंद.

तिचे भरत होते सात वर्षं, पाच महिने.
मी ‘अपात्र’ टाइप केलं. खोडलं.
पालुवेर सरांकडे गेले, ते समितीचे अध्यक्ष.
चष्मा पुसत म्हणाले,
‘एकीला सूट दिली तर रांग लागेल.’
खरंच आहे. रांग आहेच.

संध्याकाळी कागद पुन्हा उघडले, उगाचच.
डिप्लोम्याच्या मागल्या बाजूला शिक्का,
शिक्क्यात तारीख, पुसट, जांभळी.
व्हायवानंतर तब्बल सात महिन्यांनी!
आमची अट शिक्क्यापासून मोजते, व्हायवापासून नव्हे.
तिकडे कुतैसीत कुणीतरी,
माझ्यासारखीच, खुर्चीवर शाल टाकून बसणारी,
सात महिने चालढकल करत राहिली होती.
तिच्या आळसाला मी मनोमन हात जोडले.

एप्रिलात नेस्तान आली. एक बॅग,
एक खोका, त्यावर पाच भाषांत ‘जपून’.
किल्ली घेताना म्हणाली, ‘पडदे घेऊ का?’
सगळे हेच विचारतात, वेगवेगळ्या शब्दांत:
कढई मोठी घ्यावी का, सायकल नवी की जुनी,
कुंडीतलं झाड दोन वर्षांत केवढं होतं.
मी म्हटलं, घे. जूनमध्ये इथे रात्र होत नाही.

पाटीवर मी तिचं आडनाव चुकीचं लिहिलं होतं.
ती काही बोलली नाही.
दुसऱ्या वर्षी कधीतरी
पेन्सिलीने एक अक्षर दुरुस्त केलेलं दिसलं.

आता पुन्हा नोव्हेंबर.
खोली तीनशे चौदामध्ये दिवा आहे,
बाराला चार मिनिटं कमी.
कुठल्या तरी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या तिसऱ्या मजल्यावर
उद्या सकाळी कुणीतरी तिची वर्षं मोजायला बसेल.

बाई, घाई करू नकोस.
कागद उलटून बघ.